मागच्या दाराबाहेर काय आहे ते पाहा

मे महिन्यात रायगड जिल्ह्यातल्या शिवथर खोऱ्यात फणस पिकायला लागतात. कसबे शिवथर असो, आंबे शिवथर की कुंभे शिवथर, परसातला फणस ओटीवर येतो, हाताला आणि विळीला खोबरेल लावलं जातं आणि फणस फुटतो. गरे माणसांच्या वाट्याला. आठळ्या धुऊन, सावलीत सुकवून, मातीत किंवा राखेत घोळून ठेवायच्या. श्रावणात त्या भाजीत पडतात. सालीची चारखंडं गोठ्यात जातात आणि म्हैस ती आवडीने खाते. मधला दांडा, नासका भाग उकिरड्यावर. दहा किलोंचा फणस संपतो आणि टाकून द्यायला म्हणावं असं काहीच राहत नाही.

त्याच झाडाचा दुसरा फणस पोत्यात बांधून एसटीच्या सीटखाली सरकवला जातो आणि लालबागच्या चाळीत पोचतो. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरली जातात. "काकू, फणस फोडलाय, ताट घेऊन या," एवढी एक हाक पुरते. तासाभरात गरे संपतात, आठळ्या कुणीतरी मागून नेतं. चारखंडं मात्र चाळीच्या टोकाच्या पिंपात जातात.

तिसरा फणस विरारला, नवव्या मजल्यावर. घरात माणसं चार, त्यातल्या दोघांना फणस आवडत नाही. समोरचं दार बंद. निम्मे गरे डब्यात भरून फ्रिजमध्ये जातात, तिथे वासावरून कुरबुर होते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डबा तसाच रिकामा केला जातो. सालींचं ओझं दोन काळ्या पिशव्यांत बांधून खाली न्यायचं, त्यावर वॉचमनची तक्रार. पुढच्या वर्षी मुलगा फोनवर सांगतो, "आई, फणस नको पाठवूस या खेपेला."

तिन्ही घरं एकाच कुळातली. शिकवणही एकच: अन्नाला नावं ठेवू नयेत, ताटात टाकू नये. तरी एका घरात वाया काही जात नाही, दुसऱ्यात थोडं जातं आणि तिसऱ्यात निम्मं. फरक पडला तो दाराबाहेर काय आहे त्यामुळे: गोठा, गॅलरी की लिफ्ट. हे मला मुद्दाम आणि मनापासून सांगायचं आहे, कारण अन्न वाया गेलं की आपल्याकडे बोल लागतो तो स्वयंपाक करणाऱ्या बाईला. "हिला अंदाजच नाही," म्हणून मोकळं होणं सोपं असतं. तिच्या हातात जेवढं आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक तिच्या मागच्या दाराबाहेर ठरत असतं. म्हणून सवय बदलायची असेल तर आधी घराभोवती पाहा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून गेलं. भारतातल्या घरांसाठी माणशी वर्षाला ५५ किलोंचा अंदाज त्यात आहे. या आकड्यात खाण्याजोगं अन्न तर येतंच, शिवाय साली, देठं, हाडंही येतात. त्याच अहवालात गावाकडची घरं शहरातल्या घरांपेक्षा साधारणपणे कमी अन्न वाया घालवतात अशी नोंद आहे, आणि त्याचं कारण तिथे दिलंय ते आपल्याला नवं नाही: उरलंसुरलं जनावरांना जातं, घरच्या खतात जातं. म्हणजे ५५ किलो ही सरासरी शिवथरच्या घराला लागू नाही आणि विरारच्या घरालाही नाही. आपल्या घराचा आकडा आपणच काढायचा.

आठवडाभर एक बादली

त्यासाठी फार काही करावं लागत नाही. एक आठवडा घरातलं वाया जाणारं सगळं अन्न एका वेगळ्या बादलीत टाका आणि टाकताना भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेपाशी एक खूण करा. खुणा चार प्रकारच्या. शिजवलं पण उरलं, त्याची एक. ताटात टाकलं, त्याची दुसरी. न शिजवताच सडलं, किडलं, बुरशी आली, त्याची तिसरी. साली, देठं, मासळीचे काटे यांची चौथी. वजन करायला जमलं तर उत्तम, नाही जमलं तरी खुणा मोजल्या तरी पुरे. गोठ्यात किंवा कोंबड्यांना जे जातं त्याचीही खूण करा, फक्त त्याभोवती एक गोल काढा.

आठवड्याच्या शेवटी कुठल्या खुणा जास्त आहेत ते पाहा. तिसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त असतील तर बाजाराचं अंतर, वीज आणि दमट हवा यांकडे पाहावं लागतं. पहिल्या प्रकारच्या जास्त असतील तर जेवणारी माणसं किती आणि शेजार किती जवळचा, इकडे. दुसऱ्या प्रकारच्या खुणा सहसा पाहुणे आणि सणावारांच्या दिवशी एकदम वाढतात. आणि चौथ्या प्रकारच्या कुठेच टळत नाहीत. त्या फक्त कुठे जातात एवढंच आपल्याला ठरवायचं असतं. उपाय या चारांना वेगवेगळे लागतात. "अन्न वाया घालवू नका" असा एकच फलक चारही प्रकारांवर लावून काही साधत नाही.

बाजार लांब, पाऊस भरपूर

शिवथर खोऱ्यातल्या घराला मोठा बाजार म्हणजे बिरवाडी नाहीतर महाड. रोज कोणी जात नाही. गेलं की पिशव्या भरून येतात, आणि भाजीवाल्याने "दोन जुड्या घ्या मावशी, स्वस्त लावतो" म्हटलं की तीन घेतल्या जातात. लांबच्या बाजाराचा हा स्वभावच आहे. त्यावर उपाय खाण्याच्या क्रमात आहे. आणल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पालेभाजी. मग गवार, भेंडी, वांगी. त्यानंतर दुधी, भोपळा, कोबी. आठवड्याचे शेवटचे दोन दिवस कडधान्यांचे, कुळथाच्या पिठल्याचे आणि सुक्या मासळीचे. हा क्रम एका कागदावर लिहून फळीपाशी लावा. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेल्या सुनेलाही तो वाचता येतो आणि "आज काय करू?" हे सासूबाईंना विचारावं लागत नाही.

याच्या जोडीला जुनी एक रीत पक्की धरून ठेवण्यासारखी आहे. पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू खोऱ्यात दारापाठीच उगवतात आणि लागतील तेवढ्याच खुडल्या जातात. खुडली नाही ती भाजी सडत नाही. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, मांडवावर पडवळ आणि दुधी असला की विकतच्या भाजीची निम्मी नासाडी आपोआप टळते. फ्रिजपेक्षा ही साठवण भरवशाची, कारण तिला वीज लागत नाही.

धान्याचंही तसंच. आपल्याकडे पूर्वी भात कणगीत भातच म्हणून राही आणि लागेल तसं गिरणीवर जाई. टरफलात असलेला दाणा किडीला सहज दाद देत नाही. आता रेशनचा आणि दुकानाचा तांदूळ टरफल काढलेला, पॉलिश केलेला येतो आणि जुलैत त्यात पोरकिडे होतात. ज्यांच्याकडे अजून घरचं भात आहे त्यांनी एकदम सगळं गिरणीवर नेऊ नये; पंधरा दिवसांपुरतं काढावं. विकतचा तांदूळ मे महिन्यात उन्हात चांगला तापवून, गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरावा. डबा अर्धा रिकामा राहिला की आत हवा राहते आणि हवेबरोबर कीडही. डाळींना एरंडेल चोळण्याची रीत अजून चालते, ती सोडू नका.

महाड शहरात राहणाऱ्यांसाठी इथे वेगळं सांगावं लागतं. सावित्री आणि गांधारीच्या पाण्याने २२ जुलै २०२१ ला शहर बुडालं तेव्हा घरांतलं आणि दुकानांतलं धान्य कपड्यालत्त्यांइतकंच सहज गेलं. पुराच्या पट्ट्यात तळमजल्यावर राहत असाल तर आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी वर्षाची करू नका. जुलै-ऑगस्टला पुरेल एवढंच घरात ठेवा, तेही माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे, आणि बाकीचं गणपतीनंतर घ्या. डोंगराच्या कुशीतल्या वाडीसाठी जी भरलेली कणगी शहाणपणाची, ती नदीकाठच्या तळमजल्यावर तोट्याची. एकाच तालुक्यात दोन जागा, दोन वेगळे नियम.

विजेचं म्हणाल तर वादळवाऱ्यात ती जाते आणि कधीकधी दिवसभर येत नाही. बंद ठेवलेला फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. मधेमधे उघडून "खराब झालंय का" पाहत बसलं की तो वेळ आणखी कमी होतो. वीज गेली की फ्रिजच्या दारावर वेळ लिहून ठेवा आणि दूध, मासळी, शिजवलेलं अन्न आधी संपवा. रात्रीचा भात अशा दिवसांत मोजूनच लावा आणि भाकऱ्या थोड्या जास्त करा, कारण भाकरी सकाळपर्यंत नीट राहते. भाताची गोष्ट निराळी आहे. शिजलेला भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष सकाळी खमंग फोडणी दिली तरी नष्ट होत नाही. फोडणीचा भात जरूर खावा, पण तो भात रात्री पसरट भांड्यात मोकळा करून, गार करून, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेला असला पाहिजे. अन्न वाचवण्याच्या नादात आजारपण ओढवून घेऊ नये.

रिकामा गोठा

आता सगळ्यात महत्त्वाचं. शिवथरसारख्या खोऱ्यात अन्न वाया न जाण्याचं श्रेय आजवर घराच्या मागच्या बाजूला होतं. तांदळाचं धुवण म्हशीला, भाकरीचे तुकडे कोंबड्यांना आणि कुत्र्याला, सालपटं गाईला, मासळीचं पाणी माडाच्या किंवा लिंबाच्या मुळाशी, आणि सगळ्यातून राहील ते उकिरड्यावर शेणात. मागच्या दाराने काही टाकणं हा तिथे गबाळेपणा नव्हता. ती एक चोख व्यवस्था होती, कारण दाराबाहेर खाणारी तोंडं उभी होती.

ती तोंडं कमी झाली. मुलं मुंबईला, घरात दोन वयस्क माणसं. गवत कापायला, गुरं चारायला कोणी नाही. गोठा रिकामा झाला, पण हात मात्र जुन्या सवयीने मागच्या दाराकडेच वळतो. शिवाय आता फेकल्या जाणाऱ्या अन्नासोबत बिस्किटाचा कागद, वेफरची पुडी, दुधाची पिशवीही जाते. शेण नाही म्हणून उकिरडा कुजत नाही, प्लास्टिक आहे म्हणून त्याचं खत शेतात टाकता येत नाही, आणि जोराच्या पावसात तो अख्खा ढीग वहाळात उतरतो. गाव अस्वच्छ झालं असं आपण म्हणतो. खरं पाहता माणसं तेच करताहेत जे त्यांची आजी करत होती. आजीच्या मागे गोठा होता.

अशा घराने आधी आपल्या वाडीत कुणाकडे अजून गुरं आहेत, कुणाकडे कोंबड्या आहेत ते पाहावं आणि त्या घराशी रोजचं देणं बांधून घ्यावं. दोन झाकणाच्या बादल्या पुरतात, एक भरते तेव्हा दुसरी रिकामी होऊन येते. बदल्यात महिन्या-दोन महिन्यांनी पाटीभर शेण मिळालं तर ते घरच्या खताला विरजणासारखं उपयोगी पडतं. ज्यांना हे देणं कमीपणाचं वाटतं त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की धुवण आणि सालपटं शेजारच्या गोठ्यात देणं ही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची चाल आहे.

मात्र गोठ्यात काय जावं याला मर्यादा आहेत, आणि त्या पाळल्या नाहीत तर जनावर हातचं जातं. लग्न किंवा पूजा झाली, घमेलंभर भात उरला, चार डझन पुऱ्या उरल्या, "टाकण्यापेक्षा गाईला घाला" म्हणून पुढ्यात ओतला: हे करू नका. शिजवलेला भात, पुऱ्या, पीठ एकदम भरपूर पोटात गेलं की गाई-म्हशींच्या कोठीपोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो, पोट फुगतं आणि जनावर दगावू शकतं. थोडंथोडं, वैरणीसोबत, अनेक जनावरांत वाटून दिलं तर चालतं. चुकून जास्त खाल्लंच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता पशुवैद्यकांना फोन करा. बुरशी आलेली भाकरी, काळं पडलेलं धान्य, कुबट पेंड तर मुळीच नको. त्यातलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष दुधात उतरतं आणि दूध उकळल्याने जात नाही. ते दूध तुमच्याच नातवंडाच्या पेल्यात येतं. आणि अन्न कधीही प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकू नका. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते.

अन्न उघड्यावर टाकण्याचा आणखी एक परिणाम डोंगरातल्या वाड्यांनी गांभीर्याने घ्यावा. उघड्या अन्नावर कुत्री जमतात, रानडुकरं येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात झालेल्या अभ्यासांत बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा मोठा वाटा आढळला आहे, आणि ती कुत्री जगतात ती वस्तीच्या कचऱ्यावर. वरंध घाटात वाघजाईपाशी गाडी थांबवून माकडांना भजी-बिस्किटं देणाऱ्या पाहुण्यांनाही हेच सांगावं. हाताला चटावलेलं माकड संध्याकाळी खालच्या गावातल्या परसात उतरतं. शिवथरघळीला पावसाळ्यात धबधबा पाहायला येणाऱ्यांनी आपला डबा, आपलं उष्टं आणि आपल्या पिशव्या आपल्याच गाडीतून परत न्याव्यात. ही घळ ज्या खोऱ्यात आहे, तिथे मुंबई-पुण्यासारखी रोजची कचरागाडी नाही.

पाहुणे, गौरी-गणपती आणि आग्रह

गणपतीत आणि शिमग्यात वाडीची वस्ती एकदम कितीतरी पटींनी वाढते. चाकरमानी येतात, प्रत्येक घर स्वयंपाक करतं, प्रत्येक घरी प्रत्येकाला बोलावणं जातं, आणि कोणीही चार घरी पोटभर जेवू शकत नाही. पण प्रत्येक घरचं पातेलं सगळे जेवतील या हिशोबाने चढतं. इथे दोष कोणत्याच घराचा नाही. वाडीने मिळून कोणाकडे कधी जेवायचं हे ठरवलेलं नाही, एवढंच. बहुतेक वाड्यांचं मुंबईत ग्रामस्थ मंडळ असतं. वर्गणी आणि भजनाच्या पाळ्या जसं ते ठरवतं, तसंच जेवणाच्या पाळ्याही ठरवू शकतं: या दिवशी खालच्या आळीत, त्या दिवशी वरच्या आळीत, बाकीच्या घरी चहा आणि प्रसाद. महाप्रसादाला आदल्या संध्याकाळी घरटी माणसांचा आकडा घेतला तर आचाऱ्याला तांदूळ मोजता येतात.

आणि वाढताना आग्रह करायचा असेल तर तो दुसऱ्यांदा येऊन करावा. पहिल्या फेरीत डाव अर्धा वाढायचा आणि पुन्हा लवकर फिरायचं, ही जुन्या वाढप्यांची रीत होती. एकदाच डोंगर वाढून पुढे गेलं की मुलाच्या ताटात हमखास राहतं.

गॅलरीतून लिफ्टकडे

या खोऱ्यातली कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत आहेत, आणि त्यांचं मुंबईतलं घर आता बदलतंय. वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पुनर्विकसित इमारतींच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणं ही पिढ्यांची इच्छा पुरी होणं आहे आणि त्याचा आनंद निखळ आहे. पण अन्नाच्या बाबतीत घर बदलताना काय मागे राहतं तेही ओळखून ठेवावं. चाळीत दार उघडं असे, वाटी फिरत असे, आणि आलेली वाटी रिकामी परत जात नसे. कुणाकडे काय उरलं, कुणाकडे पाहुणे आले हे गॅलरीला माहीत असे. नव्या घरात फ्रिज मोठा येतो आणि दार बंद होतं. मोठ्या फ्रिजचा गुण असा की त्यात अन्न वाया जायला चार दिवस जास्त लागतात. चौथ्या दिवशी ते टाकताना मनाला तितकं लागत नाही, कारण तोवर ते शिळं झालेलं असतं.

त्यामुळे नव्या इमारतीत जाताना चाळीची गॅलरी सोबत नेण्याची सोय करा. प्रत्येक मजल्यावरच्या घरांचा एक व्हॉट्सॲप गट, आणि त्यात एकच रिवाज: जास्त झालेलं ताजं अन्न, फळं, गावाहून आलेला आंबा-फणस याची एक ओळ टाकायची, ज्याला हवं त्याने अर्ध्या तासात भांडं घेऊन यायचं. शिळं द्यायचं नाही, कधी शिजवलं ते सांगायचं. हा रिवाज राहायला आल्यावर पहिल्या महिन्यात पडला तर पडतो. एकदा दारं बंद राहायची सवय झाली की मग समोरच्या घराची बेल वाजवायला संकोच वाटतो.

कचऱ्याच्या पिंपाची जागाही सवय घडवते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात केलेला एक प्रयोग २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला होता. सायकलींच्या दांड्यांना जाहिरातीचे कागद अडकवून ठेवले. शेजारची भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी तो कागद जमिनीवर टाकला. तीच भिंत रंगाने गिचमिड केली तेव्हा ६९ टक्क्यांनी. माणसं त्याच शहरातली, गल्ली तीच. जिन्याखालच्या कोपऱ्यात एक पिशवी पडलेली दिसली की दुसरी तिथेच येते, हे आपण रोज पाहतोच. म्हणून ओल्या कचऱ्याचं पिंप अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नये. उजेडात, येण्याजाण्याच्या वाटेवर, धुतलेलं, झाकणाचं ठेवावं. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओलं-सुकं वेगळं करण्याची जबाबदारी घरावर टाकली होती आणि मोठ्या गृहसंकुलांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच आवारात प्रक्रिया करावी असं म्हटलं होतं. दक्षिण कोरियाने आणखी पुढे जाऊन २०१३ पासून वाया गेलेल्या अन्नाच्या प्रमाणानुसार पैसे घ्यायला सुरुवात केली. तिथल्या अनेक इमारतींत पिंपच वजन करतं. आपल्याकडे तसं पिंप नसलं तरी सोसायटीच्या सूचनाफलकावर दर आठवड्याला ओल्या कचऱ्याच्या डब्यांची संख्या लिहिता येते. शेजारच्या विंगचा आकडा कमी दिसला की चर्चा आपोआप सुरू होते.

वाडीने मिळून करायचं काम

एका घराने सगळं केलं तरी वहाळात शेजारच्या घराचा ढीग जाणार असेल तर उपयोग थोडा. म्हणून काही गोष्टी ग्रामपंचायतीतूनच व्हायला हव्यात. कोकणातलीच उदाहरणं डोळ्यांसमोर आहेत. वेंगुर्ला नगरपरिषदेने तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात कचरा घरापासूनच वेगळा घेऊन ओल्याचा बायोगॅस आणि खत केलं आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी पाहायला जाण्यासारखं ठिकाण उभं केलं. पुढे आपल्याच रायगडात कर्जतला त्यांनी तो प्रयोग नेला. दोन्ही गावांत माणसं तीच राहिली. बदललं ते दारात येणारी गाडी काय घेते आणि काय परत करते हे.

शिवथर खोऱ्यातल्या वाडीला गाडीची गरजही नसेल. वाडीला एक नाडेप टाकी पुरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रूढ केलेली ही विटांची जाळीदार टाकी साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते आणि थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवते. गोठे रिकामे होत चाललेल्या वाडीला हीच रीत सोयीची. आपल्या पावसात मात्र दोन बदल करावे लागतात: टाकी जोत्यावर उचलून घ्यायची आणि वर छप्पर घालायचं. खड्डा खणाल तर जुलैत त्यात खताऐवजी दुर्गंधीचं डबकं होईल. एका घरापुरतं करायचं तर बांबूच्या कामट्यांचं कमरेइतकं गोल कुंपण उंच जागी उभं करा, तळाला काटक्या, मग एक थर ओल्या कचऱ्याचा आणि त्यावर दुप्पट थर सुक्या पातेऱ्याचा, अधूनमधून मूठभर माती किंवा शेणकाला. मासळीचे काटे आणि मटणाची हाडं यात नको. ती केळीच्या किंवा माडाच्या आळ्यात हातभर खोल पुरा, म्हणजे कुत्री उकरत नाहीत.

टाकीसाठी पैसा ग्रामपंचायतीकडे असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिलेला होता, आणि गावाच्या विकास आराखड्यात हे काम घालायला सांगण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. ग्रामसभेला विषय तोंडी मांडू नका. बचत गटाच्या बायकांनी आठवडाभराच्या बादलीच्या खुणा एका कागदावर मांडून, सह्यांसह, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी द्याव्यात आणि पोच घ्यावी. कुठल्या आळीत गुरं उरली आहेत, कुठल्या आळीत नाहीत, टाकी कुठे हवी, एवढं त्यात असलं की चर्चा नुसत्या उपदेशावर थांबत नाही.

आणि हे सगळं करायचं ठरवलंत तर कामाला सुरुवात पाऊस लागण्याआधी करा. पातेरा फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखाली हवा तेवढा पडलेला असतो. त्याची चार-सहा पोती भरून पडवीत कोरडी ठेवून द्या. मिरग लागल्यावर खोऱ्यात सुकं पान मागूनही मिळत नाही.